उन्हं कलल्यावर उघडणारी शहरं

मराठवाड्याच्या उन्हाळ्याची छायाचित्रं अख्ख्या महाराष्ट्राला पाठ झाली आहेत. भेगाळलेलं धरण, टँकरभोवती पडलेला हंड्यांचा वेढा, आटलेल्या विहिरीत उतरलेली बाई. ती खोटी नाहीत. पण ज्या दिवशी असं छायाचित्र निघतं, त्याच दिवशी रात्री साडेनऊला लातूरच्या औसा रोडवर एखादं कुटुंब स्कूटरवरून उतरतं, चौघांत तीन कुल्फ्या घेतं, बंद दुकानाच्या पायरीवर टेकतं आणि अर्धा तास तिथून हलत नाही. नांदेडला वजिराबादेत त्याच सुमारास फालुद्याचे ग्लास भरायला हात पुरत नसतात. याचं छायाचित्र कुणी काढत नाही, कारण ते दुष्काळाच्या बातमीत बसत नाही.

मला वाटतं, ते बसायला हवं. आमच्या माणसाची तहान सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला कशाची चव आवडते, हे विचारायचं मात्र राहून गेलं आहे.

दिवाळी अंकात उन्हाळ्याचा विषय अवेळी वाटेल. पण आमच्याकडे वर्षाचे चार महिने ऊन राज्य करतं आणि इथलं बाहेरचं खाणंपिणं त्या चार महिन्यांनी घडवलं आहे. हॉटेलं फार नंतर आली. त्याआधी पाणपोई होती, लंगर होता, इफ्तार होती, रसवंती होती. उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात आधी काहीतरी गार द्यायचं आणि मग तो कोण, कुठला ते विचारायचं, या रिवाजावर इथलं बाहेर खाणं उभं राहिलं, असं माझं मत आहे.

नांदेड आणि लातूर ही नावं जोडीनं घेतली जातात, पण दोन्हीकडचं ऊन एक नाही. नांदेड गोदावरीकाठी, समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास. लातूर बालाघाटच्या पठारावर, सहाशे मीटरच्या आगेमागे. दुपारी पारा दोन्हीकडे चाळिशी ओलांडतो. मे महिन्यात नांदेडला 43 अंश ऐकून कुणी दचकत नाही. फरक कळतो तो दिवस मावळल्यावर. लातूरला आठ-साडेआठला पठारावरचं वारं सुटतं आणि अंगाला बरं वाटायला लागतं. नांदेडला दगड, डांबर आणि सिमेंट दिवसभर मुरवलेलं ऊन रात्री उशिरापर्यंत परत देत राहतात. त्यामुळे लातूरकर जेवण उरकून नऊला बाहेर पडतो आणि अकराला अंथरुणावर असतो. नांदेडकराची बैठक मोडायला मध्यरात्र होते.

घरांचाही यात हात आहे. जुन्या मराठवाड्यातलं घर म्हणजे जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. आत दुपारीही गारवा आणि रात्री झोपायला माळवदाची मोकळी जागा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसं गेली आणि त्या बांधणीवरचा विश्वास कायमचा उडाला. पुढे शहरांत आणि गावांत स्लॅबची घरं आली. ती उभी राहतात, पण तापतात. मे महिन्यात रात्री आठला स्लॅबखाली बसून जेवण गोड लागत नाही, हे ज्यानं अनुभवलं आहे त्याला ही गर्दी रस्त्यावर का येते ते वेगळं सांगावं लागत नाही.

दोन्ही शहरं सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, तरी त्यांची तोंडं दोन दिशांना राहिली. याला कारण रेल्वे. नांदेड 1900 च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद मार्गावर आलं आणि त्याची ऊठबस हैदराबादशी कायम राहिली. लातूरला 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी कुर्डुवाडीकडून आली, आणि भुसार मालाबरोबर लातूरचं लक्ष बार्शी, सोलापूर, पुण्याकडे वळलं. आजही नांदेडच्या रात्रीत बिर्याणीचा आणि इराणी चहाचा वास असतो, लातूरच्या सकाळीत मुरमुऱ्यांच्या फोडणीचा. रूळ कुठून आले त्यावर ताटात काय आलं ते ठरलं.

*

उन्हाळ्यातली सकाळ फार लवकर संपते. नऊला ऊन टोचायला लागतं, म्हणून नाश्त्याची वेळ साडेसहा ते साडेआठ. लातुरात ती पाहायची तर गंजगोलाईच्या आसपास जावं. ही गोल बाजारपेठ 1917 साली नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यावर बांधली गेली. मधोमध जगदंबेचं देऊळ आणि भोवती सोळा रस्ते. कुठे सराफी, कुठे चपला, कुठे गूळ, कुठे मिरची. एप्रिलमध्ये वर्षाच्या तिखटाची खरेदी सुरू झाली की मिरचीच्या दुकानांसमोरून जाणारा माणूस शिंकल्याशिवाय पुढे सरकत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादची मिरची या हंगामात लांबलांबच्या घरांत पोचते. डंकावर कुटून घेतलेलं तिखट, येसर, काळा मसाला हे सगळं मृगाच्या आत डब्यांत भरलं गेलंच पाहिजे.

या बाजाराचा नाश्ता म्हणजे सुशीला. मराठवाड्याबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. मुरमुरे पाण्यात क्षणभर बुडवून लगेच पिळून घ्यायचे, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे आणि हळदीच्या फोडणीत परतायचे, वरून डाळव्याचं कूट आणि कोथिंबीर. बाजूला गरम भजे आणि मीठ लावून तळलेली मिरची. पोह्यांपेक्षा हलकी, उपम्यापेक्षा मोकळी. हमालीला जाणारा, आडतीवर बसणारा, शाळेच्या परीक्षेचा पहारा द्यायला निघालेला, सगळ्यांना ती चालते, कारण ती खाऊन उन्हात चाललं तरी पोट जड होत नाही. लातूर सोडून पुण्या-मुंबईत स्थायिक झालेली माणसं गावी आल्यावर पहिल्या सकाळी हीच मागतात. निलंग्याकडे सकाळचा मान तिखट, फोडणीच्या भाताकडे जातो. ‘निलंगा राईस’ या नावानं तो आता तालुक्याबाहेरही पाट्यांवर आला आहे. सकाळी सात वाजता झणझणीत भात खाणं पाहुण्याला विचित्र वाटतं. त्यानं एकदा खाऊन पाहावा आणि नंतर दुपारी तहान किती लागते तेही पाहावं.

लातूरच्या मातीतल्या तीन गोष्टींना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं: पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर. बातमी आली आणि गेली. मला तिच्यात एक आख्खी आमटी दिसली. डाळ, चिंच, कोथिंबीर, घरचं येसर. उन्हाळ्यात भाजी महाग होते, सुकते, तेव्हा इथल्या घरांत आणि खाणावळींत हेच ताटाला सावरतं. चिंचेचा आंबटपणा तर दोन्ही शहरांच्या उन्हाळ्याला बांधून ठेवणारा धागा आहे: लातूरच्या आमटीत तो गुळाबरोबर येतो, नांदेडच्या मुसलमान घरांतल्या सकाळच्या खिचडी-खट्ट्यात तो तिळाबरोबर येतो.

*

दुपारचं सांगण्यासारखं थोडं. बारा ते पाच शहरं मिटलेली असतात. कूलरचा आवाज, ओढलेले पडदे, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आणि खारोड्या, त्यांची राखण करणारी सुट्टीतली मुलं. रस्त्यावर उघडी असते ती रसवंती.

रसवंतीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण आमच्या शहरांतल्या बायकांच्या बाहेर बसण्याचा इतिहास तिच्यात आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी नांदेड-लातुरात बाई हॉटेलात बसत नसे. काही हॉटेलांनी पडदा लावून ‘फॅमिली रूम’ केली होती, पण त्या पडद्याआड जाण्यातही संकोच होता. रसवंती चारही बाजूंनी उघडी. वर कापडाचं किंवा उसाच्या पाचटाचं छप्पर, खाली पाणी मारलेली जमीन, लाकडी बाकं, चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज. तिथे काही लपलेलं नव्हतं, म्हणून तिथे बसण्यात कुणाला काही गैर दिसलं नाही. बस्त्याच्या खरेदीला आलेल्या मायलेकी, दवाखान्यातून परतणारी सासू-सून, एसटीची वाट पाहणारी शिक्षिका, या सगळ्यांची बाजारात टेकायची पहिली हक्काची जागा ही होती. पुढे आईस्क्रीम पार्लरं आली, मग पावभाजीच्या गाड्यांपुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. आज रात्री दहाला वजिराबादेत तरुण मुलींचा घोळका पाणीपुरीवर हसत उभा दिसतो. ही वाट आधी रसवंतीच्या बाकावरून आली आहे.

राज्यभर रसवंत्यांच्या पाट्यांवर ‘नवनाथ’, ‘कानिफनाथ’ ही नावं दिसतात. पुण्याजवळ पुरंदर तालुक्यात बोपगावच्या डोंगरावर कानिफनाथाचं ठाणं आहे आणि त्या भागातली अनेक कुटुंबं या धंद्यात शिरून गावोगाव पसरली. फेब्रुवारीत यायचं, भाड्याच्या जागेत चरक मांडायचा, मृगाला उठवायचा. आता बैल नाहीत, लाकडी चरकही विरळ झाला; पण वीज वापरणाऱ्या यंत्रालाही घुंगरू बांधलेलं असतंच. ते नसेल तर गिऱ्हाईक वळत नाही.

रसाचा ग्लास हातात असताना उसाचा प्रश्न टाळता येत नाही. ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा राहतो आणि त्याला पाणी लागतं ते भरपूर. मांजरा खोऱ्यात त्या पाण्यावर साखर कारखानदारी उभी राहिली, तिनं हजारो घरांत पैसा आणला आणि त्याच खोऱ्यातलं लातूर शहर तहानलं. हा हिशेब ज्यांनी मांडायला हवा त्यांनी तो अजून नीट मांडलेला नाही. रसवंतीला लागणारा ऊस कारखान्याच्या गाळपापुढे नगण्य आहे, त्यामुळे मी रस पितो. पण आलं-लिंबू टाकलेल्या त्या ग्लासाची किंमत देताना शेजारच्या गल्लीतला नळ कधी आला होता, हे मला आठवत राहतं.

बर्फाचंही एक सांगून टाकतो, कारण उन्हाळ्यात बाहेर पिणाऱ्या प्रत्येकाला ते कळायला हवं. महाराष्ट्रात 2018 च्या जूनपासून अखाद्य बर्फ निळसर रंगवणं बंधनकारक झालं. मासे, भाजी, औषधं गार ठेवण्यासाठीचा बर्फ निळा; पिण्याच्या पाण्याचा बर्फ पांढरा. गोळा किंवा सरबत घेताना गाड्यावरची लादी पाहा. निळी दिसली तर तिथे थांबू नका, आणि दोन शब्द विक्रेत्याला सांगून या. मुलं गोळ्यावर ओतलेला काला खट्टा पाहतात. मोठ्यांनी त्याखालचा बर्फ पाहायचा असतो.

*

एप्रिल 2016, लातूर. मांजरा धरण, सुमारे 224 दशलक्ष घनमीटर क्षमतेचं, कोरडं पडलं होतं. मार्चमध्येच शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून 144 कलम लावावं लागलं. 12 एप्रिलला मिरजेहून निघालेली पहिली ‘जलदूत’ रेल्वेगाडी दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या. ज्या वाटेनं शंभर वर्षांपूर्वी लातूरला व्यापार आला, त्याच वाटेनं कृष्णेचं पाणी आलं. त्याच वर्षी परतीच्या पावसानं मांजरा तुडुंब भरलं, आणि छायाचित्रकार निघून गेले.

त्या उन्हाळ्यानं लातूरच्या बाहेर खाण्यात जे बदल केले ते मात्र राहिले. वीस लिटरचा जार हा प्रत्येक हॉटेलाचा आणि गाड्याचा भाग झाला. अनेक ठिकाणी ग्लास मागितल्यावरच भरतात, आणि गिऱ्हाइकाला त्यात अपमान वाटत नाही. पत्रावळी, द्रोण, कागदी ताटल्या वाढल्या. भांडं धुण्याचं पाणी वाचलं आणि कचरा वाढला. लातुरात कुणी भेटलं आणि ‘किती दिवसाला येतंय?’ असं विचारलं, तर कशाबद्दल ते सांगावं लागत नाही. बरी वर्षंही आली, तरी नळ रोज येतो अशी सवय या शहराला लागलेली नाही. अशा गावात कुणी पाहुण्याला ताक, पन्हं, मठ्ठा पुढे करतं तेव्हा त्यात किती आदर असतो, ते बाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही.

*

नांदेडला बाहेर जेवण्याची सर्वांत मोठी जागा हॉटेल नाही. तख्त सचखंड श्री हुजूर अबचलनगर साहिब हे शीख धर्माच्या पाच तख्तांपैकी एक. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी इथे देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात आजची वास्तू बांधवली. शहराच्या जेवणाचं वळण या जागेनं ठरवलं आहे. लंगरमध्ये पंगतीत बसायचं, दोन्ही हात पुढे करून रोटी घ्यायची, डाळ, भाजी, कधी खीर, आणि उठताना आपली थाळी घेऊन उठायचं. पंजाबातून आलेला जाट शेतकरी, किनवटकडून बाजाराला आलेला आदिवासी, परीक्षेला आलेला विद्यार्थी, रिक्षावाला, सगळे एका रांगेत. उन्हाळ्यात मे-जूनच्या सुट्टीत पंजाबी कुटुंबांची गर्दी वाढते आणि गुरुद्वाऱ्याच्या भोवतालच्या रस्त्यांवर कडे-किरपाणीच्या दुकानांशेजारी लस्सीचे मोठाले ग्लास भरत राहतात. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले दख्खनी शीख गिऱ्हाइकाशी मराठीत, पाहुण्याशी पंजाबीत आणि शेजाऱ्याशी दखनीत बोलतात. एका दुकानात उभं राहून तिन्ही ऐकू येतात.

ऐन उन्हात, मे-जूनमध्ये, गुरू अर्जनदेवजींचा शहीदी दिवस येतो. 1606 साली त्यांना तापल्या तव्यावर बसवून छळलं गेलं, अशी परंपरा सांगते. त्याची आठवण म्हणून शीख समाज रस्त्यावर छबील लावतो: दूध, पाणी, साखर, गुलाबाचा अर्क आणि बर्फ. जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून, गाडीच्या काचेतून हात घालून ग्लास दिला जातो. ज्याचा छळ उन्हाळ्यात आगीनं झाला, त्याच्या नावानं परक्याला गारवा द्यायचा, ही कल्पना मला धर्मविचारातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी वाटते.

अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्सप्रेसमध्येही हा लंगर चालू राहतो. वाटेतल्या स्टेशनांवर सेवेकरी डाळ-भाजी-रोटी घेऊन उभे असतात आणि जाणते प्रवासी डबा-ताटली घरून घेऊनच निघतात. नांदेडकर मुलाला बाहेर खाण्याची पहिली ओळख अनेकदा अशी होते, पैसे न देता आणि अनोळखी माणसाच्या हातून.

*

आता नांदेडचेच इतवारा आणि देगलूर नाका. रमजान चांद्र वर्षानुसार दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. 2016 मध्ये तो जूनमध्ये सुरू झाला, 2018 मध्ये मेच्या मध्याला, 2019 मध्ये मेच्या पहिल्या आठवड्यात, 2022 मध्ये एप्रिलच्या सुरुवातीला. म्हणजे सात-आठ वर्षं नांदेडच्या मुसलमानांनी चौदा तासांच्या आसपासचा निर्जळी रोजा ऐन उन्हात धरला. त्या वर्षांत संध्याकाळच्या त्या रस्त्यांवरून ज्यानं चक्कर मारली त्याला ते विसरता येणार नाही. टरबुजाच्या फोडी, खरबूज, पपई, अर्धापूरची केळी यांचे ढीग, खजूर, सब्जा घातलेलं गुलाबी सरबत, बर्फाच्या चुऱ्यावर ठेवलेली फळं. अजान होते, हात थांबतात, एक घोट पाणी, आणि मग पाच मिनिटं सगळा रस्ता काही न बोलता खात राहतो. फळांचे गाडे लावणाऱ्यांत हिंदू कमी नसतात. त्यांचा वर्षातला सर्वांत चांगला धंदा हा.

रात्री हलीम. गहू, डाळी, मांस आणि तूप तासन्‌तास घोटून केलेला. हैदराबादी हलीमला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नांदेडची चव त्याच घराण्यातली, थोडी अधिक तिखट. एरवी वर्षभर इथली ओळख तहारी आणि बिर्याणीची. तहारीत मांस आणि मसाला तांदळाबरोबरच शिजतो, भात पिवळसर आणि ओलसर राहतो, खर्च कमी येतो, त्यामुळे ती मजुराच्या खिशाला परवडते. सोबतीला दालचा. उन्हाळ्यात रात्री अकराला तहारी खाल्ल्यावर चहा कसा पितात, हा प्रश्न लातूरच्या पाहुण्याला पडतो. पण घाम फुटल्यावर जरा वारं लागलं की अंग निवतं, हे नांदेडकर अनुभवानं शिकलेला आहे.

आता रमजान फेब्रुवारी-मार्चकडे सरकला आहे आणि काही वर्षं थंडीत राहील. ऐन उन्हातली इफ्तार पाहायला पुढची पिढी यावी लागेल.

*

नांदेड ते लातूर रस्ता लोहा, अहमदपूर, चाकूर असा जातो. हा तुळजापूरहून येणारा 361 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. मे महिन्यात तो रात्री किंवा पहाटेच करावा. ढाब्यावर बाजेवर बसून शेवभाजी, ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कांदा घ्यावा. दुपारीच जायचं असेल तर धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी घरून बांधून घ्यावी आणि एखादं चिंचेचं झाड शोधावं. रुंदीकरणात रस्त्यांकडेची जुनी झाडं गेली, त्यामुळे शोधावंच लागतं. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्क्याहून कमी आहे. अशा जिल्ह्यात रस्त्याकडेचं झाड हेच वाटसरूचं विश्रामगृह होतं.

आंब्याचा क्रम ठरलेला. एप्रिलमध्ये आंध्र-तेलंगणाकडून बदाम येतो. जुन्या घरांत अक्षय तृतीयेला करा-केळीत पाणी भरून, पितरांना आमरस दाखवल्याशिवाय आंब्याला हात लावत नाहीत. मग मराठवाडा केशर, ज्याला स्वतःचं भौगोलिक मानांकन आहे. आणि शेवटी, पहिल्या पावसाच्या तोंडावर, गावरान. चोखून खायचा, नाव नसलेला, प्रत्येक झाडाची चव निराळी. हॉटेलातल्या आमरस-पुरीच्या थाळीत गावरान मिळत नाही. तो ओळखीच्या माणसाच्या शेतावर जाऊन, विहिरीच्या थारोळ्यात तासभर भिजत ठेवून खायचा असतो. किनवट-माहूरच्या जंगलाकडून याच दिवसांत टेंभुर्णं आणि चारोळीची चारं बाजारात येतात, टोपलीत, पानांवर मांडून. विकणाऱ्या बाईकडे भाव करू नये, अशी माझी विनंती आहे. त्या टोपलीमागे जंगलातली कितीतरी पायपीट असते.

लातूरच्या उन्हाळ्याला आणखी एक घड्याळ आहे, ते परीक्षेचं. ‘लातूर पॅटर्न’नं राज्यभरातून हजारो मुलं इथे आणली आणि त्यांच्या मागोमाग खाणावळी, डबेवाल्या मावशी, चहा-मॅगीचे गाडे आले. मेच्या पहिल्या रविवारच्या आसपास ‘नीट’ होते. त्याआधीच्या महिन्यात मुलं जेवतात ती नुसती पोट भरायला. रात्री अकराला अभ्यासिकेतून सुटून ताकाचा ग्लास एका दमात पितात आणि परत आत जातात. परीक्षा झाली त्या संध्याकाळी मात्र हीच मुलं शहरभर पसरतात, वडापाव, पाणीपुरी, आईस्क्रीम एकामागून एक संपवतात, आणि एकमेकांना पहिल्यांदा निवांत पाहतात. दुसऱ्या दिवशी ट्रंका घेऊन एसटी स्टँडवर. गाडेवाल्यांना त्यांची सवय झालेली असते. जूनमध्ये नवी तुकडी येईपर्यंत त्या गल्ल्यांतला धंदा मंदावतो.

*

आपण गार खातो तेव्हा कुणीतरी तापत असतं. तंदूरपाशी, भज्यांच्या कढईपाशी, तव्यावर. 43 अंशांच्या दिवसानंतर भट्टीसमोर सहा तास उभं राहणाऱ्या माणसाला मीठ-साखरेचं पाणी, पंखा आणि तासाला दहा मिनिटं सावली मिळाली पाहिजे. घरपोच जेवण आणणाऱ्या पोराला दुपारी दोनला दारात उभं ठेवून सुट्टे पैसे शोधू नयेत. आधी पाणी विचारावं. पाणपोई घालणाऱ्यांच्या या मुलखात एवढं शिकवावं लागू नये.

फेरीवाल्यांसाठीचा कायदा 2014 सालचा आहे. नगर विक्रेता समिती, नोंदणी, विक्रीची ठरलेली जागा, हे सगळं त्यात लिहिलं आहे. नांदेड आणि लातूर या दोन्ही महापालिकांनी उन्हाळ्यापुरता तरी त्याचा नीट वापर करावा. संध्याकाळी सात ते रात्री बारा वाहनांना बंद असलेला एखादा रस्ता, पिण्याच्या पाण्याचा नळ, बायकांसाठी स्वच्छ शौचालय, पुरेसा उजेड, बसायला दगडी बाकं, आणि प्रत्येक दहा पावलांवर एक कडुलिंब. खर्च फार नाही. शहरं रात्री आपोआप रस्त्यावर येतात. तिथे त्यांना टेकायला जागा द्यायची आहे. सध्या लोक दुभाजकावर बसून कुल्फी खातात, आणि दोन्ही बाजूंनी ट्रक जातात.

लातूरची मांजरा पुढे बिदरकडून वळसा घेऊन तेलंगणात कंदकुर्तीला, नांदेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीला मिळते. दोन्ही नद्यांत पाणी असेल अशी वर्षं मोजकी येतात. 7 जूनच्या सुमाराला मृग लागतो, एखाद्या संध्याकाळी वळीव धो-धो कोसळतो, आणि दुसऱ्या दिवशी रसवंतीचं छप्पर उतरवायला घेतात. चरक टेम्पोत चढतो. गोळेवाल्याच्या बाटल्या धुऊन खोक्यात जातात, आणि पंधरवडा-तीन आठवड्यांत त्याच गाड्यावर निखारे पेटवून मक्याची कणसं भाजायला सुरुवात होते, वर लिंबू आणि धर्माबादी तिखट चोळून.